रुमालाचे टाके

शाळेत गणितात मी कधी काठावरून वर गेले नाही, पण माझी शिवणकामाची वही बाई दुसऱ्या वर्गांत दाखवायला न्यायच्या. धावदोरा, उलटी टीप, काजं, हुक सगळं मला लवकर जमलं आणि त्याचा मला भारी तोरा होता. त्यामुळे आठवीत कबड्डीच्या संघात निवड झाली तेव्हा खेळाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात सुई दिली. शाळेकडे टी-शर्टांचा एकच संच होता. आज तो कबड्डीच्या मुली घालणार, उद्या खो-खोच्या. त्यामुळे पाठीवरचे आकडे पक्के नसायचे. कापडावर रंगवलेले ते चौकोन सामन्याआधी टाचायचे आणि संध्याकाळी उसवून डब्यात ठेवायचे, हे काम माझ्याकडे आलं.

त्या डब्यात दोन रिळं असत. एक पांढऱ्या कच्च्या दोऱ्याचं. हा दोरा सैल पिळाचा, जरा ओढला की तुटणारा. शिंपी कापड तात्पुरतं टाचायला वापरतात तो. दुसरं रीळ काळ्या नायलॉनच्या दोऱ्याचं होतं, दप्तराचे पट्टे आणि चपलांचे अंगठे शिवायला. तो दातांनीही तुटत नसे. या दोन रिळांबद्दल मी आजवर घरातही कधी बोलले नाही. आता लिहायला बसले आहे तर सांगून टाकते.

आमच्या संघातली सगळ्यात चांगली चढाईपटू माझी मैत्रीण होती. ती मुसलमान. जुन्या नाशकात, दूधबाजाराजवळच्या एका गल्लीत तिच्या अब्बांचं लेडीज टेलरचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. गल्लीतल्या बऱ्याच मुली उर्दू शाळेत जायच्या, पण हिला अब्बांनी पहिलीपासून मराठी शाळेत घातलं होतं. नाशकात राहायचं तर सरकारी कागद स्वतःला वाचता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या आईची पोलकी तेच शिवायचे. आई म्हणायची, या माणसाने एकदा माप घेतलं की पुन्हा घ्यावं लागत नाही.

मैत्रिणीचा दम विलक्षण होता. आम्ही बाकीच्या चढाईला गेलो की 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता निम्म्यातच धापा टाकायचो. ती मात्र सावकाश, गुणगुणल्यासारखं म्हणत समोरच्यांच्या अंगणात फिरायची, जणू कुणाकडे हळदीकुंकवाला आली आहे. समोरच्या मुली बेसावध झाल्या की डावा पाय लांब टाकून अंगठ्याने एखादीला टिपायची आणि परत. मी कोपरा सांभाळायचे. खरं सांगायचं तर ती होती म्हणून आम्ही जिंकायचो, आणि हे मलाही कळत होतं.

शाळेच्या मैदानावर सरावाला काही अडचण नव्हती. सगळ्या मुलीच, शिकवायला बाई. ती ओढणी डोक्यावरून घेऊन मागे गाठ मारायची आणि खेळायची. प्रश्न आला तो बाहेरच्या सामन्यांचा. संघाचा पोशाख म्हणजे टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. बचावाला उभं असताना समोरचीचा हात नुसता कपड्याला लागला तरी गडी बाद होतो, म्हणून सैल काही नको, असा नियम बाई आम्हाला समजावून सांगायच्या. सलवार-कुर्ता घालून चालणार नव्हतं.

बाई मला बरोबर घेऊन तिच्या अब्बांच्या दुकानात गेल्या. मला वाटलं होतं, ते सरळ नाही म्हणतील. मी मनातल्या मनात भांडणाची तयारीसुद्धा केली होती. अब्बांनी आम्हाला बाकावर बसवलं, समोरच्या हॉटेलातून चहा मागवला आणि बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"खेलने दो मॅडम, मेरी ना नहीं," ते म्हणाले. "पण माझी एकच शर्त. लोगों के सामने सिर खुला नको पडायला. कपडे मी शिवून देतो, तुमच्या नियमात बसतील असे."

मग ते मुलीकडे वळले. ती जिन्यात उभी राहून ऐकत होती.

"जबान देती है?"

"देती हूँ, अब्बा," ती म्हणाली.

एवढंच झालं. आठ दिवसांत त्यांनी तिला संघाच्या रंगाची अंगासरशी पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट शिवून दिला. डोक्यासाठी रुमाल बेतला, तोही साधा नाही. कुणाच्या हातात सापडू नये म्हणून डोक्याला आणि मानेला धरून कापलेला, हनुवटीखाली दोन्ही टोकं जेमतेम एकमेकांवर येतील एवढाच. तिथे दोन बारीक टाचण्या. तो घालून ती पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा आम्ही हसलो, आणि दहा मिनिटांत विसरूनही गेलो.

मला मात्र तो रुमाल मनातून आवडत नव्हता. वर्गात मी तिच्याशी वाद घालायचे. आपण खेळायला जातो, कुणाचं डोकं बघायला कोण येतंय? ती म्हणायची, "तुला काय त्रास होतो? डोकं माझं आहे ना." मला ते पटायचं नाही. माझी स्वतःची आई नामपूरला सासरी गेली की एस्टीतून उतरायच्या आधी पदर डोक्यावर घ्यायची आणि परत एस्टीत बसेपर्यंत तो खाली येऊ द्यायची नाही. चार-चार दिवस. ते मला कधी खुपलं नव्हतं. आईचा पदर म्हणजे रीत आणि मैत्रिणीचा रुमाल म्हणजे जुलूम, असं माझ्या चौदा वर्षांच्या डोक्यात अगदी पक्कं बसलं होतं. कुणी बसवलं ते सांगता येत नाही.

त्याच पावसाळ्यात इगतपुरीला सामना होता. चिखलात खेळताना आमच्या एका मुलीच्या गळ्यातला देवीचा काळा गंडा समोरच्या मुलीच्या बोटांत अडकला. तो तुटेना. तिला तशीच चार पावलं ओढली आणि तिचा चेहरा निळा पडला. पंचांनी शिट्टी मारली, दोरा कापला, पण गळ्यावरचा वळ आठ-दहा दिवस होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की तिचं ते उघडं तोंड दिसायचं.

मग हिवाळ्यात जिल्ह्याचे सामने आले, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीच्या मैदानावर. सकाळची वेळ होती, थंडी होती, आणि धुराड्यांची राख आमच्या पांढऱ्या बुटांवर बारीक बारीक बसत होती. उपांत्य सामना आमचा होता. जिंकलो तर अंतिम फेरी, आणि तिथून विभागासाठी निवड. मैत्रिणीची निवड होणार हे बाईंनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचे अब्बा सामना बघायला आले होते. दुकान बंद ठेवून, लुनावरून. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्यांवर ते एकटेच बसले होते, मफलर गुंडाळून.

सामन्याआधी पंच आमची तपासणी करायला आले. नखं कापली आहेत का, अंगाला तेल नाही ना, बांगड्या, कानातलं, केसांच्या पिना. ते एकेकीला बघत पुढे सरकत होते. मैत्रिणीपाशी आले आणि थांबले.

"या टाचण्या काढ."

बाई पुढे झाल्या. "सर, डोक्यावर रुमाल नको असं पुस्तकात कुठे आहे?"

"रुमालाबद्दल मी काही बोललोच नाही," पंच शांतपणे म्हणाले. "ठेवा, काढा, माझी हरकत नाही. पण टाचणी लावून मी कुणालाच आत सोडणार नाही. झटापटीत एखादीच्या डोळ्यात गेली तर? पाच मिनिटं देतो."

त्यांचं बोलणं बरोबर होतं. आजही मला त्यात काही चूक दिसत नाही.

टाचण्या काढल्या तर रुमाल टिकणार कसा? गाठ मारायला टोकं पुरत नव्हती. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डबा उघडला. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, हनुवटी वर केली. तिची नजर पायऱ्यांवर अब्बांकडे होती.

"पक्कं शिव हं," ती म्हणाली. "काहीही झालं तरी निघायला नको. अब्बांना जबान दिलीय मी."

"हो गं," मी म्हणाले.

डब्यात दोन्ही रिळं शेजारी-शेजारी होती. माझा हात काळ्या रिळाकडे गेला, आणि मला इगतपुरीची ती मुलगी दिसली. हा दोरा तुटणार नाही. कुणी धरलं तर हिचा गळा आवळेल. मी पांढरा दोरा ओवला. हनुवटीखाली चार टाके घातले आणि मागे टी-शर्टाच्या कॉलरला सहा. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काळाच घालायला लावला असता, हे मला माहीत होतं.

इथवर मी स्वतःला माफ करू शकते. पण आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला मला खूप वेळ लागला. दोरा ओवताना माझ्या मनात असंही आलं होतं, की निघाला तर निघाला. काय आभाळ कोसळणार आहे? एकदा चारचौघांत डोकं उघडं पडलं की हिची भीती मोडेल, अब्बांनाही कळेल की काही होत नाही, आणि हे रुमालाचं लचांड कायमचं संपेल. मी तिचं भलंच करत होते. निदान मला तसं वाटत होतं.

पहिल्या डावात ती अशी खेळली की पायऱ्यांवरची अनोळखी माणसं टाळ्या वाजवायला लागली. अब्बा टाळ्या वाजवत नव्हते, पण त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता आणि पुढे वाकून बसले होते. दुसऱ्या डावात आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि ती चढाईला गेली. आत जाऊन तिने दोघींना टिपलं, वळली, आणि तेवढ्यात त्यांच्या कोपऱ्यातल्या मुलीने मागून झडप घातली. हात खांद्यावर पडायचा तो रुमालावर पडला.

कच्चा दोरा तुटताना आवाजसुद्धा होत नाही. रुमाल पाठीवर लोंबकळला आणि वेणी सुटून पुढे आली. मध्यरेषा फक्त दोन हातांवर होती. त्या मुलीच्या हातातून ती केव्हाच निसटली होती. एक पाऊल टाकलं असतं तरी आमचे दोन गुण होते.

तिने पाऊल टाकलं नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि ती जिथे होती तिथे खाली बसली. तोंडातलं 'कबड्डी' थांबलं. मी कोपऱ्यातून ओरडत होते, "रेषा! अगं, रेषा!" पंचांनी शिट्टी मारून तिला बाद दिलं.

मैदानावर क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी हसलं. अब्बा उठून रेषेपर्यंत आले. आत आले नाहीत. मी जवळ होते म्हणून त्यांनी तो मफलर माझ्या हातात दिला.

"बेटी, ये उसको दे."

मीच तो तिच्या डोक्यावर टाकला. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तो सामना आम्ही हरलो. बक्षीस समारंभाला न थांबता ते दोघं लुनावर बसून गेले. तिच्या एका हातात तो रुमाल होता, घडी घातलेला.

सोमवारी ती शाळेत आली. मधल्या सुट्टीत मी विचारलं तर म्हणाली, "अब्बांनी खेळ बंद केला." आणि डबा उघडून जेवायला लागली. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यांच्यात असंच असतं गं. आपण तरी काय करणार?" मी मान डोलावली. मला वाईट वाटलं, रडलेही. पण खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. दोरा कुठला होता हे कुणी विचारलंच नव्हतं. गुन्हेगार आयता सापडला होता, आणि तो इतका ओळखीचा होता की कुणालाच शंका आली नाही. मुसलमान बाप, मुलीचा खेळ, आणखी काय सांगायचं?

आई मधूनमधून विचारायची, "तुनी मैत्रीण कशी शे? दिसत नाही हल्ली." मी सांगायचे, तिच्या वडिलांनी खेळ बंद केला. आई पोलकी मात्र त्यांच्याचकडून शिवून घ्यायची. ती आणायला मी कधी गेले नाही.

दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी खेळत राहिले, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि नाशिकमध्येच एका शाळेत लागले. तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. निमंत्रण आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी मी गेले असते का, सांगता येत नाही.

नोकरीत स्थिरावल्यावर मी भाषणं द्यायला लागले. मुलींचा खेळ, मुलींचे हक्क. बोलायला मला आवडतं, आणि लोक बोलावतात. या भाषणांत मैत्रिणीची गोष्ट हमखास यायची. नाव न घेता. दोन हातांवर रेषा, सुटलेला रुमाल, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी बंद केलेला खेळ. बायका हळहळायच्या. गोष्ट सांगून सांगून इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात सुई-दोरा कधी होता, हे मीही विसरायला लागले होते.

पुढचा प्रसंग घडून दहा-अकरा वर्षं झाली असतील. जुन्या नाशकातल्या एका सभागृहात महिला दिनाचा कार्यक्रम होता. मी नेहमीसारखी बोलले, गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या. नंतर चहा घेताना काळा बुरखा घातलेली, चेहरा उघडा असलेली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. मी ओळखीचं हसले, जसं अशा कार्यक्रमात सगळ्यांकडे बघून हसतो.

"छान बोललीस," ती म्हणाली. "माझ्या हक्कांवर इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. फक्त मला न विचारता बोललीस."

आवाजावरून ओळखलं. हातातला कप कुठे ठेवावा मला कळेना. तिनेच तो घेऊन टेबलावर ठेवला आणि मला बाहेर व्हरांड्यात नेलं. मुलीला खाली सोडलं. मुलगी खांबाभोवती फिरायला लागली.

"कच्चा दोरा होता ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मला नाही, अब्बांना. घरी आल्यावर त्यांनी रुमाल हातात घेतला. शिंपी माणूस, त्यांना काय सांगायला लागतं? तुटलेलं टोक दोन बोटांत धरून बघितलं आणि विचारलं, ये कच्चा धागा किसने डाला?"

"मग?"

"मी म्हटलं, मीच सांगितलं होतं घालायला."

मला आधी समजलंच नाही. ती हळू बोलत होती, एक डोळा मुलीवर ठेवून.

"काय सांगणार होते? तुझं नाव? आठव ते दिवस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दंगलीच्या भीतीने पोलिसांची गाडी उभी असायची. हिंदू पोरीने भर मैदानात आमच्या मुलीचं डोकं उघडं पाडलं, असं एकदा बाहेर पडलं असतं तर ते अब्बांच्या हातात राहिलं असतं का? चार मोठी माणसं शाळेत आली असती. तुमच्याकडचीही आली असती. आणि मग आमच्या गल्लीतल्या ज्या सहा-सात पोरी मराठी शाळेत जात होत्या, त्यांचं काय झालं असतं? मला त्या वेळी एवढंच सुचलं."

"पण त्यांनी तुझा खेळ बंद केला."

"रुमाल निघाला म्हणून नाही केला. रुमाल निघणं त्यांनी समजून घेतलं असतं. मी जबान दिली आणि मुद्दाम मोडली, असं त्यांना वाटलं. कच्चा धागा घालायला लावला म्हणजे तो निघावा अशीच माझी इच्छा होती. सगळ्यांसमोर त्यांना बसवून. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत."

मी व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. इतकी वर्षं ज्या माणसाला मी सभेसभेत उभं करत होते, त्याने तिला थांबवलं होतं ते माझ्या टाक्यांमुळे. आणि ती गप्प राहिली होती ती मला वाचवायला, शाळेला वाचवायला, आणखी कुणाकुणाला वाचवायला. चौदा वर्षांची.

"मी आत्ता जाते त्यांच्याकडे," मी म्हणाले. "सगळं सांगते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"नाही."

"अगं, पण त्यांना कळायला नको का, की तू..."

"नाही म्हटलं ना." तिचा आवाज चढला, मुलगी दचकून बघायला लागली. तिने तिला जवळ घेतलं. "माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी अब्बा म्हणाले, जा, ते मी विसरलो. माफ केलं त्यांनी मला. आता तू जाऊन सांगणार की माफ करण्यासारखं काही नव्हतंच? मग त्यांना काय कळेल? की त्यांनी पोरीचा खेळ उगाच काढून घेतला. साठी उलटली त्यांची. हे घेऊन ते झोपतील कसे?"

"मला राहवणार नाही. मला सांगायचंय."

"तुला सांगायचंय," ती म्हणाली. "मला नकोय. या वेळी तरी मला विचारून कर."

मी रडत होते. ती रडत नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "घरात कुणी नसलं की मी मोरीपासून दारापर्यंत 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम धरून जायचे. पुष्कळ दिवस. मग अम्मीने एकदा ऐकलं, आणि मला लाज वाटली." मुलीची चप्पल निघाली होती, ती तिने वाकून घातली. निघताना म्हणाली, "अब्बा तुझी आठवण काढतात. तुझी आई वारल्यापासून तुमच्याकडचं कुणी येत नाही म्हणतात. जा एकदा. पण ते बोलायचं नाही."

जायला मी दोन महिने लावले. ब्लाउजपीस घेऊन गेले, उगाच हात मोकळे नकोत म्हणून. दुकान तेच, बाक तोच. अब्बांनी मला लगेच ओळखलं, चष्मा कपाळावर सरकवला, समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. आईची आठवण काढली. तिचं माप अजून वहीत असल्याचं सांगितलं.

"तू अजून खेळतेस?"

"शिकवते, चाचा. शाळेत."

"अच्छा है." ते माप घ्यायला उठले. टेप हातात धरून तसेच उभे राहिले. "एक बात पूछूँ? तू तर होतीस तिथे, त्या दिवशी. माझ्या पोरीने जबान मोडली म्हणून मी तिचा खेळ बंद केला. जबान राहिली असती तर मी स्वतः घेऊन गेलो असतो तिला, जिथे सामना असेल तिथे. लोक काय म्हणतात त्याची मला परवा नव्हती. पण आजकल सोचता हूँ, चौदा साल की बच्ची थी. काय खेळत होती! मैंने ज्यादा किया क्या?"

ते माझ्याकडे बघत होते. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, दोनच वाक्यांचं. मी ते बोलले असते तर मला मोकळं वाटलं असतं, हेही मला माहीत होतं.

"मला नीट आठवत नाही, चाचा," मी म्हणाले. "पुष्कळ वर्षं झाली."

"हाँ, बहुत साल हो गए." त्यांनी मान हलवली आणि माझं माप घेतलं. वहीत आकडे लिहिले, बाही कुठवर ठेवायची ते विचारलं. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"बेटी, उसको मत बताना कि मैंने पूछा था."

"नाही सांगणार, चाचा," मी म्हणाले.